बर्फावरचा ट्रॅक्टर

पावसाळ्यात बांधाजवळच्या चिखलात ट्रॅक्टर अडकतो. ड्रायव्हर इंजिनाला जोर देतो. मागची मोठी चाकं गरागरा फिरतात, चिखल उडतो, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. उलट चाक आणखी खोल जातं. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा वेळी इंजिनाची ताकद कमी नसते. कमी पडते ती चाकाची जमिनीवरची पकड.

कॅनडातल्या शेतकऱ्याला हाच त्रास बर्फात होतो. तिकडे हिवाळ्यात शेतं बर्फाखाली जातात. पण गुरांना वैरण तर घालावीच लागते. वाटेवरचा बर्फही सारावा लागतो. त्यामुळे ट्रॅक्टर घरी उभा करून भागत नाही.

बर्फ दोन तऱ्हेचा असतो. नुकता पडलेला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत असतो. त्यात चाक रुततं. दुसरा बर्फ म्हणजे गोठलेलं पाणी. तो काचेसारखा टणक आणि गुळगुळीत. त्यावर चाक घसरतं. दोन दुखणी वेगळी, म्हणून औषधंही वेगळी.

आधी भुसभुशीत बर्फाचं पाहू. चिखलातून जायचं तर आपण फळी टाकतो. फळीमुळे आपला भार पसरतो आणि पाय रुतत नाही. ट्रॅक्टरलाही अशी फळी देता येते. ती कशी, याची एक खरी हकिगत आहे.

एडमंड हिलरी हे नाव आपण ऐकलं असेल. तेनसिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्ट शिखरावर पोचले. हेच हिलरी पुढे दक्षिण ध्रुवाकडे निघाले, आणि तेही शेतीचे ट्रॅक्टर घेऊन! फर्ग्युसन कंपनीचे तीन लहान ट्रॅक्टर होते. नुसत्या टायरवर ते त्या बर्फात चालले नसते. म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणखी एक चाक बसवलं, आणि तिन्ही चाकांवरून एक लांब पट्टा चढवला. भार त्या सगळ्या पट्ट्यावर पसरला.

१४ ऑक्टोबर १९५७ ला मंडळी निघाली. वाटेत बर्फाला खोल भेगा होत्या. वरून पातळ बर्फाचं झाकण, खाली विहिरीसारखी पोकळी. म्हणून गाड्या एकमेकींना दोरांनी बांधल्या होत्या. एक खाली जाऊ लागली तर बाकीच्यांनी धरून ठेवावी. सुमारे दोन हजार किलोमीटर चालून ४ जानेवारी १९५८ ला ते ट्रॅक्टर ध्रुवावर पोचले. तोवर पेट्रोल थोडंच उरलं होतं.

आता टणक बर्फ. इथे भार पसरून उपयोग नाही, इथे दात हवेत. म्हणून शेतकरी मागच्या टायरवर लोखंडी साखळ्या चढवतात. त्यांचे आडवे दुवे बर्फात रुततात आणि पकड मिळते. साखळी घट्ट बांधावी, थोडं चालवून पुन्हा आवळावी. ढिली साखळी सुटली तर गार्ड फोडते.

दुसरा उपाय वजनाचा. चाकावर भार वाढला की पकड वाढते. आपल्याकडेही मागच्या टायरमध्ये पाणी भरतातच. थंड मुलखात मात्र ते पाणी टायरमध्येच गोठेल! म्हणून तिकडे पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचा क्षार मिसळतात. त्याने चाकाची लोखंडी रिंग गंजते. म्हणून काहीजण बीटाचा रस भरतात. तो सहसा गोठत नाही आणि गंजही चढत नाही. साधारण पाऊण टायर भरतात, वर हवेला जागा ठेवतात.

टायरमधली हवा थोडी कमी केली तरी टायर पसरून पकड वाढते. पण कंपनीने सांगितलेल्या मापाखाली जाऊ नये. नाहीतर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो.

उतारावर लहान गिअर टाकावा आणि ब्रेकचे दोन्ही पायडल जोडून घ्यावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा फिरतो.

आता जिवाची गोष्ट. चाक रुतलं की काहीजण मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधतात आणि क्लच सोडतात. असं कधीही करू नये, बर्फात नाही आणि चिखलातही नाही. ओंडका अडकला की चाक फिरू शकत नाही. मग इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवतो. पुढची चाकं वर उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

आधी इंजिन बंद करावं. चाकामागची माती किंवा बर्फ फावड्याने काढावा. मग आलो त्याच वाटेने हळूच मागे यावं. तरीही निघाला नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढावा. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दोर मागच्या खालच्या हुकालाच बांधावा, वर बांधू नये. आणि पोराबाळांना दोरापासून लांब उभं करावं, कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो.