वीतभर खड्डा

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल एका डोंगरी किल्ल्यावर गेली होती. तीन तास चढून आम्ही माथ्यावर पोहोचलो. सर्वांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. खडकात खोदलेले पाण्याचे टाके दिसताच आम्ही तिकडे धावलो.

"थांबा! कोणीही पाणी पिऊ नका," सर ओरडले.

टाक्याच्या वरच्या अंगाला, जेमतेम दहा पावलांवर, कोणीतरी शौचास बसून गेले होते. मैल्यावर माश्या घोंगावत होत्या.

"पण सर, पाणी तर स्वच्छ दिसते!" एक मुलगा म्हणाला.

"रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत," सर म्हणाले. "पाऊस पडला, की वरची घाण वाहत टाक्यात येते. हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग अशाच पाण्यातून पसरतात."

सोबतच्या स्टोव्हवर सरांनी पाणी उकळायला ठेवले. आम्ही तहानलेले बसून राहिलो.

"सर, रानात शौचाला लागली तर काय करावे?" एकाने विचारले. सगळे हसले.

"यात हसण्यासारखे काय आहे?" सर म्हणाले. "जो जेवतो, त्याला जावेच लागते. गडावर किंवा पायथ्याच्या गावात शौचालय असेल, तर तेच वापरावे. नसेल, तर पाणी, वाट आणि मुक्कामाची जागा यांपासून निदान ६० मीटर, म्हणजे सुमारे ८० पावले दूर जावे. मऊ मातीत वीतभर खोल खड्डा खणावा. वरच्या थरातील मातीत असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते मैला हळूहळू कुजवतात. काम झाल्यावर खड्डा मातीने बुजवावा. धुण्यासाठी पाणी बाटलीतून न्यावे. टाक्यात किंवा ओढ्यात हात धुऊ नयेत. कागद, प्लॅस्टिक पुरू नये, पिशवीतून परत आणावे. शेवटी हात साबणाने धुवावेत."

"आणि नुसता खडकच असेल तर?"

"मग मैलाही पिशवीत बंद करून खाली आणावा. एव्हरेस्टवर हेच करावे लागते. तिथल्या कडक थंडीत मैला कुजत नाही, वर्षानुवर्षे तसाच राहतो. म्हणून २०२४ साली नेपाळमधील तेथील स्थानिक संस्थेने गिर्यारोहकांना मैला पिशवीतून तळावर परत आणण्याचा नियम केला."

सर पुढे म्हणाले, "आपल्या पूर्वजांनाही हे समजत होते. रायगडावर राणीवशाच्या अवशेषांत दगडी शौचकूप आजही दिसतात. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त गडावर केरकचरा पडू देऊ नये, असे बजावले आहे. गडावरचे पाणी संपले किंवा नासले, तर गड राहत नाही."

पाणी उकळले, निवले. प्रत्येकाला अर्धाच पेला मिळाला. तेवढ्यात सर्वांत जास्त हसणारा मुलगा उठला. त्याने सरांकडून खुरपे मागून घेतले. टाक्यापासून दूर, झाडीत त्याने खड्डा खणला आणि तो मैला खुरप्याने नेऊन पुरला. मग खुरपे आणि हात साबणाने धुतले.

या वेळी कोणी हसले नाही.

शब्दार्थ
टाके – खडकात खोदलेला हौद
मैला – माणसाची विष्ठा
पटकी – कॉलरा
विषमज्वर – टायफॉइड
वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर
शौचकूप – शौचालय
निवणे – थंड होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरांनी मुलांना पाणी पिण्यापासून का अडवले?
(आ) खड्डा पाण्यापासून किती दूर असावा?
२. कारणे लिहा.
(अ) एव्हरेस्टवरील मैला परत आणावा लागतो.
(आ) शेवटी कोणी हसले नाही.
३. 'स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असतेच असे नाही.' चार-पाच वाक्यांत लिहा.