चाचणी-साधनातून डेटाबेसशी सुरक्षित जोडणी

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, घरपट्टीचा भरणा अशी सर्वसामान्य नागरिकाच्या जीवनाशी निगडित असलेली अनेक कामे आता संगणकावर होऊ लागली आहेत. अशी एखादी प्रणाली जनतेसाठी खुली करण्यापूर्वी एकाच वेळी शेकडो माणसांनी तिचा वापर केला तर ती तग धरील किंवा नाही, हे पाहणे आवश्यक असते. या परीक्षेला भारचाचणी असे म्हणतात. ही परीक्षा तंत्रज्ञ घेतात हे खरे. परंतु तिच्या अहवालावर स्वाक्षरी करण्याची जबाबदारी पुष्कळदा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यावर येते. शिवाय चाचणीसाठी वापरलेली माहिती अनेकदा खऱ्या नोंदींची नक्कल असते. एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा खातेक्रमांक चाचणीच्या वाटेने बाहेर गेला, तर 'ती केवळ चाचणी होती' हा खुलासा तिच्या काय उपयोगाचा? म्हणून चाचणी-साधन आणि डेटाबेस यांच्यामधील जोडणी सुरक्षित कशी करावी आणि ती तशी झाली आहे हे कसे ताडून पाहावे, याचा येथे थोडा तपशिलाने विचार करू.

उदाहरणादाखल अपाचे जेमीटर हे साधन घेऊ. १९९८ पासून ते उपलब्ध असून कोणासही विनामूल्य वापरता येते. दुसऱ्या बाजूस पोस्टग्रेएसक्यूएल हा तितकाच मुक्त डेटाबेस आहे असे समजू. १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात प्रा. मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो विकसित झाला.

जेमीटरने विचारलेला प्रश्न आणि डेटाबेसने दिलेले उत्तर ही दोन्ही वाटेतील अनेक यंत्रांतून प्रवास करतात. जोडणी उघडी असेल, तर हा प्रवास पोस्टकार्डासारखा होतो. वाटेतील कोणीही ते वाचू शकतो. यावर उपाय म्हणून मजकूर कूटबद्ध करून पाठविण्याची पद्धत नेटस्केप या कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल या नावाने प्रचारात आणली. १९९९ मध्ये तिची जागा टीएलएस या पद्धतीने घेतली. तिची १.३ ही आवृत्ती २०१८ मधील आहे. १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या. व्यवहारात मात्र एसएसएल हे जुने नावच अद्याप रूढ आहे आणि संगणकाच्या पडद्यावरही तेच दिसते.

आता मुख्य मुद्दा. मजकूर कूटबद्ध झाला म्हणजे पोस्टकार्डाऐवजी लाखेची मोहोर लावलेला लखोटा निघाला, एवढेच सिद्ध होते. तो लखोटा कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न शिल्लकच राहतो. मध्येच एखादे तोतया यंत्र 'मीच तो सर्व्हर' असे सांगून उभे राहिले, तर लखोटा सीलबंद अवस्थेतच त्याच्या हवाली होईल आणि तो ते सावकाश उघडून वाचील. म्हणून सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र सादर करतो आणि ते तपासण्याचे काम जोडणी मागणाऱ्याचे, म्हणजे येथे जेमीटरचे, असते. ही तपासणी आपोआप होते असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही.

प्रत्यक्ष मांडणी फारशी अवघड नाही. (पुढील तांत्रिक शब्द संगणकावर रोमन लिपीत टंकलिखित करावयाचे असतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) प्रथम पोस्टग्रेएसक्यूएलचा जेडीबीसी ड्रायव्हर ही फाइल जेमीटरच्या 'लिब' या फोल्डरमध्ये ठेवावी आणि जेमीटर पुन्हा सुरू करावे. नंतर चाचणीच्या आराखड्यात 'जेडीबीसी कनेक्शन कॉन्फिगरेशन' हा घटक जोडावा. त्यात जोडणीसंचाचे नाव, डेटाबेसचा पत्ता, ड्रायव्हरचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड हे रकाने भरावयाचे असतात. जोडणीसंचाला दिलेले नाव आणि पुढे 'जेडीबीसी रिक्वेस्ट' या घटकात लिहिलेले नाव अक्षरशः एकच असावे लागते. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते.

सुरक्षिततेचा निर्णय पत्त्याच्या रकान्यात होतो. सर्व्हरचे नाव, ५४३२ हा पोर्ट आणि डेटाबेसचे नाव लिहिल्यावर प्रश्नचिन्ह देऊन 'एसएसएलमोड' हा शब्द आणि त्याचे मूल्य लिहावयाचे असते. ही मूल्ये सहा आहेत. 'डिसेबल' म्हणजे उघडी जोडणी. 'अलाऊ' प्रथम उघडी जोडणी करून पाहते. 'प्रिफर' प्रथम कूटबद्ध जोडणीचा प्रयत्न करते; पण सर्व्हरने नकार दिला तर निमूटपणे उघड्या जोडणीवर समाधान मानते. 'रिक्वायर' कूटबद्धतेचा आग्रह धरते, परंतु प्रमाणपत्र तपासत नाही. 'व्हेरिफाय-सीए' प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेने दिले आहे काय, एवढे पाहते. 'व्हेरिफाय-फुल' याखेरीज प्रमाणपत्रावरील नाव आणि आपण मागितलेल्या सर्व्हरचे नाव एकच आहे याचीही खातरजमा करते. ज्याला खऱ्या अर्थाने सुरक्षित म्हणता येईल, तो पर्याय हा शेवटचाच होय. त्याच्या जोडीला 'एसएसएलरूटसर्ट' या शब्दापुढे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राची फाइल कोठे आहे, हेही लिहावे.

काहीच लिहिले नाही तर ड्रायव्हर 'प्रिफर' हे मूल्य गृहीत धरतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका चाचणी-अहवालात 'सुरक्षित जोडणी : होय' अशी स्वच्छ नोंद होती. प्रत्यक्षात पत्त्यात हा शब्दच नव्हता आणि सर्व्हरवर टीएलएस सुरूही केलेले नव्हते. सर्व नोंदी उघड्यावरून जात होत्या. चाचणी मात्र उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली होती, कारण जोडणी उघडी असल्याची तक्रार करण्यास तिला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणूनच चाचणी उत्तीर्ण होणे हा येथे पुरावा मानता येत नाही; ती मुद्दाम अनुत्तीर्ण करून पाहावी लागते. पहिला प्रयोग असा : मूळ प्रमाणपत्राच्या जागी दुसऱ्याच एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे. जोडणी नाकारली गेली पाहिजे. दुसरा प्रयोग : प्रमाणपत्रावर नसलेल्या नावाने, उदाहरणार्थ सर्व्हरच्या अंकी पत्त्याने, जोडणी मागावी. याही वेळी नकार आला पाहिजे. तिसऱ्या प्रयोगात 'डिसेबल' लिहून पाहावे. सर्व्हरच्या 'पीजी_एचबीए' या फाइलमध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी केवळ 'होस्टएसएसएल' या प्रकारच्या ओळी असतील, तर सर्व्हर स्वतःच दार बंद ठेवतो. यांपैकी एखादी जोडणी यशस्वी झाली, तर तो दोष समजावा.

डेटाबेसमध्ये 'पीजी_स्टॅट_एसएसएल' नावाचा एक तक्ता पाहता येतो. त्यात प्रत्येक जोडणी कूटबद्ध आहे काय आणि टीएलएसची कोणती आवृत्ती वापरात आहे, हे कळते. तो अहवालास अवश्य जोडावा. परंतु जेमीटरने सर्व्हरची ओळख तपासली होती की नाही, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. ते वरील पहिल्या दोन प्रयोगांवरूनच कळते.

'टीएलएसमुळे वेग मंदावतो, चाचणीपुरते ते बंद ठेवू,' अशी सूचना कधीकधी पुढे येते. ओळखपाळखीच्या प्रारंभिक देवाणघेवाणीस थोडा वेळ लागतो हे खरे आहे. पण प्रत्यक्ष वापरात जो भार पडणार, तोच वगळून केलेले मोजमाप काय कामाचे?

पासवर्डचा प्रश्न वेगळा आणि अधिक घरगुती स्वरूपाचा आहे. जेमीटरच्या रकान्यात लिहिलेला पासवर्ड चाचणीच्या फाइलमध्ये जसाच्या तसा, वाचता येईल अशा स्वरूपात साठविला जातो. ती फाइल ई-मेलने दुसऱ्याकडे गेली की पासवर्डही गेला. मग जोडणी कितीही मजबूत असली तरी किल्ली उंबऱ्यावर ठेवून कुलूप लावल्यासारखे होते. त्या रकान्यात '__पी' या फंक्शनच्या साहाय्याने केवळ एक नाव लिहावे आणि खरा पासवर्ड वेगळ्या गुणधर्म-फाइलमध्ये ठेवून चाचणी सुरू करताना 'क्यू' या पर्यायाने ती फाइल द्यावी. ती वाचण्याची परवानगी चाचणी करणाऱ्या खात्यापुरतीच असावी. चाचणीसाठी वापरकर्ताही स्वतंत्र निर्माण करावा आणि त्याला आवश्यक तेवढ्याच तक्त्यांचे अधिकार द्यावेत.

चाचणी चालू असताना 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' या घटकात डेटाबेसकडून आलेल्या नोंदी पडद्यावर दिसतात आणि तशी मांडणी केलेली असल्यास फाइलमध्येही उतरतात. मोठ्या चाचणीपूर्वी तो घटक बंद करावा. काम संपल्यावर निकालाच्या फाइली आणि नोंदींची नक्कल नष्ट केल्याची तारीख, तसेच सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख, या दोन्ही अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून घ्याव्यात.