शिकविणाऱ्याचा कंटाळा

शास्त्रभाग : १ थेस्सलनीकाकरांस २ : ७–१२

इ. स. ४०० च्या सुमारास आफ्रिकेंतील कार्थेज शहराच्या मंडळींत देओग्राशियस नांवाचा एक डीकन होता. नवीन माणसांस ख्रिस्ती मताचा पहिला पाठ देण्यासाठीं लोक त्यांस त्याजकडे आणीत. तो चांगला शिकवितो असा त्याचा लौकिक होता. तरी त्यानें हिप्पोचा बिशप ऑगस्टिन यास कळविलें कीं, बोलतां बोलतां माझें भाषण लांबतें, थंड पडतें, आणि ऐकणारे तर राहोत, मीच त्यास विटतों. खेड्यापाड्यांतून शिकविणाऱ्या आपल्या पुष्कळ बंधुभगिनींस ही तक्रार ओळखीची वाटेल.

ऑगस्टिनानें उत्तरादाखल एक लहान पुस्तकच लिहिलें. हा कंटाळा त्याच्या अनुभवाचा होता. पूर्वीं तो कार्थेज, रोम व मिलान येथें वक्तृत्वकला शिकवीत असे. रोमेंत विद्यार्थी फी बुडवून दुसऱ्या शिक्षकाकडे जात. मिलानांत मानाची जागा मिळाली. परंतु आपण शब्दांचा बाजार मांडिला आहे असें त्यास वाटूं लागलें, आणि ३८६ सालीं त्यानें तें काम सोडिलें. तेव्हां देओग्राशियसासही तो हाच सल्ला देईल असें वाटतें. तो तसें करीत नाहीं. कंटाळा आला म्हणजे पाचारण खोटें, असा निवाडा न देतां तो कोठून येतो हें तो शोधितो.

तो लिहितो, माझें भाषण मलाही बहुधा आवडत नाहीं. अर्थ मनांत विजेसारखा चमकतो, शब्द मागून रखडत येतात. परंतु ही खंत शिक्षकाची आहे. ऐकणारास ती असतेच असें नाहीं. लोक तुजकडे वारंवार माणसें आणितात, यावरूनच त्यांस लाभ होतो हें ओळख.

मग नेहमींच्याच पाठाविषयीं. सुंदर शहरांत राहणारा त्याकडे न पाहतां चालतो. पण प्रथमच आलेल्या स्नेह्यास तें दाखवितांना, त्याच्या आनंदानें याचाही आनंद नवा होतो. स्नेह जितका अधिक, तितकें जुनें अधिक नवें. माझ्या मतें सर्व पुस्तकाचें मर्म येथें आहे. उत्पत्तीची गोष्ट शंभराव्यांदा सांगणारा आपला उपदेशक समोरच्या शेतकऱ्यास ती पहिल्यानेंच सांगत असतो. त्याची दृष्टि त्या माणसावरून ढळून स्वतःच्या शब्दांवर खिळली, कीं पाठांतला अर्थ आटतो. आपल्या शास्त्रभागांत पौल लेंकरांस जपणाऱ्या दाईची उपमा घेतो, ती ऑगस्टिनही घेतो. तान्ह्याशीं बोबडें बोलण्यांत तें काय सुख? परंतु प्रीति असली म्हणजे तेंच गोड लागतें.

ऐकणारा जांभया देऊं लागला तर रागावूं नये. खेळीमेळीचें कांहीं बोलावें, किंवा त्यास आसन द्यावें, कारण तेथें लोक उभ्यानें ऐकत. (आपल्या मंडळ्या बसूनच ऐकतात, तरी जांभया येतातच!) आणि पाठ आवरता घ्यावा, हेंही तो सांगतो. पुस्तकाच्या शेवटीं त्यानें पाठाचे दोन नमुने जोडिले आहेत : एक विस्तृत, आणि दुसरा, वेळ थोडा असेल तेव्हांसाठीं, आखूड.