सगळं वाचायचं नसतं गं

गॅलरी उघडली की छातीत धडधडतं, असं तू म्हणालीस ते मला अगदी कळलं. स्टोरेज फुल झाल्याची सूचना, ग्रुपवरचे न वाचलेले शेकडो मेसेज, 'नंतर बघू' म्हणून काढून ठेवलेले स्क्रीनशॉट, तलाठी भरतीच्या पीडीएफ. आणि हे सगळं बघून तुला वाटतं, आपणच कुठंतरी कमी पडतोय. आधी हे डोक्यातून काढ. तुझ्या एका फोनवर काय काय येऊन पडतं ते तरी मोज: झेडपी शाळेच्या पालकांचा ग्रुप, बचत गटाचा, अंगणवाडीचा, ग्रामपंचायतीचा, भावकीचा, माहेरचा आणि घोडेगाव मार्केटच्या कांदाभावाचा. पूर्वी घरातले कागद एका पिशवीत, कपाटात असायचे आणि त्यांची काळजी थोरल्या माणसाला. आता "तुला मोबाईल कळतो ना" म्हणून सगळं तुझ्यावर आलं. एवढं सगळं वाचून काढणारी बाई मी तरी पाहिलेली नाही.

तुला हिवरे बाजार माहीत आहे, पण तिथली एक गोष्ट या कामाला उपयोगी पडेल. पोपटराव पवारांच्या त्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, मग शेतीला काय उरतं. एवढे आकडे ग्रामसभेपुढं येतात आणि त्यावरून यंदा कुठलं पीक घ्यायचं, कुठलं नाही, ते ठरतं. पाऊस कमी झाला तर जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. म्हणजे आकडे जमवायच्या आधीच त्यांचं काम ठरलेलं असतं. आपल्या फोनमध्ये उलटं झालंय. आधी जमवायचं, आणि कशासाठी ते कधीच ठरवायचं नाही. म्हणून कुठलीही गोष्ट ठेवताना एवढंच विचार: यावरून मला काय ठरवायचंय, किंवा हे मला कुणाला दाखवावं लागेल का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर पुसून टाक. वाचलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

कांद्याचंच बघ. सकाळचा भाव संध्याकाळी शिळा होतो. गेल्या वर्षभराच्या भावाच्या याद्या तुझ्या फोनमध्ये पडून आहेत, त्यांचा तुला काडीचा उपयोग नाही. पण आडत्यानं दिलेली पट्टी? ती सोन्यासारखी जप. 2023 साली भाव पडले तेव्हा सरकारनं 1 फेब्रुवारी ते 31 मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, 200 क्विंटलपर्यंत. अर्जाला विक्रीपट्टी, कांद्याची नोंद असलेला सातबारा आणि पासबुक लागत होतं. पट्टी शोधायची वेळ आली की तिचा फोटो कुठं असतो? 'आयएमजी'नं सुरू होणाऱ्या, तारखेच्या आकड्यांच्या नावाखाली, एका बाजूला वाढदिवसाचा केक आणि दुसऱ्या बाजूला शुभ सकाळचं गुलाबाचं फूल. कोपऱ्यावर अंगठा आलेला, वजनाचा आकडा निम्मा झाकलेला. असा फोटो असून नसून सारखाच.

म्हणून पट्टी हातात आली की टेबलावर सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढ. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठव आणि त्याखाली साध्या शब्दांत लिही: कांदापट्टी, घोडेगाव, महिना, वर्ष, आडत्याचं नाव. पुढं कधीही 'कांदापट्टी' शोधलंस की ती समोर येते. अस्सल कागद हरवला, तरी तारीख आणि आडत्याचं नाव हाताशी असलं की दुय्यम प्रत मागता येते. बचत गटाच्या पासबुकाचं, कर्जाच्या हप्त्याच्या पावतीचं, पोराच्या दाखल्याचंही असंच करायचं. हो, आणि जिल्ह्याचं नाव 2024 साली बदललं, त्यामुळं जुने कागद 'अहमदनगर' नावाखाली असतील, नवे 'अहिल्यानगर', आणि तू घाईत नुसतं 'नगर' लिहिलेलं असेल. शोधताना तिन्ही टाकून बघ.

उलट काही गोष्टी ठेवायची मुळीच गरज नाही, कारण त्या लागतील तेव्हा ताज्या मिळतात. सातबाऱ्याचा तीन वर्षांपूर्वीचा धूसर फोटो कुणीही धरत नाही. महाभूमीवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो आणि तो चालतो. आधार, पॅन, बारावीची मार्कशीट डिजिलॉकरमध्ये घे. आधारचे फोटो गॅलरीत आणि ग्रुपवर पडलेले असणं हे मला अजिबात बरं वाटत नाही. ते आधी काढ. अभ्यासाचंही तेच. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती कुठं पळून जात नाहीत. टेलिग्रामवरून उतरवलेल्या त्या पीडीएफच्या ढिगाऱ्यातली एकही तू पहिल्या पानापुढं उघडलेली नाहीस, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. अभ्यासक्रमाचा कागद, एक पुस्तक आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढं ठेव. बाकीचं जाऊ दे. पीडीएफ जमवली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यातच संध्याकाळ जाते.

हात कुठून घालायचा असं विचारलंस ना? व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथं मोठ्या फायली वेगळ्या दिसतात आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्याही वेगळ्या. दुसऱ्या गठ्ठ्यापासून सुरू कर, तिथं चुकून काही मोलाचं जाण्याची भीती कमी. मग आपोआप डाउनलोड होणं बंद कर. गुगलची फुकटची जागा 15 जीबी, आणि त्यात मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं आलं. ती केक आणि गुलाबांनी भरू देऊ नकोस.

एका गोष्टीत मात्र मी तुला दटावणार. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्याची प्रत्येक लिंक तू 'असू दे' म्हणून ठेवतेस. या गर्दीतच माणूस फसतो. 2025 मध्ये ई-केवायसी निघाली तेव्हा खोट्या वेबसाइटही फिरत होत्या. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर आधार नंबर टाकायचा नाही, ओटीपी तर कुणालाच नाही. चुकून टाकलास आणि पैसे गेले, तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 ला फोन लाव.

आणि आईचे व्हॉइस मेसेज. ते मात्र कुठल्याच नियमात बसवू नकोस. त्यावरून काही ठरवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, तरी ठेवायचे. लोणच्याला मीठ किती, बाळाला ताप असताना काय द्यायचं, सगळं तिच्या आवाजात आहे. फोन पडला, पाण्यात गेला तर ते जातील. ड्राइव्हवर टाक आणि एक प्रत मला पाठव, दोन ठिकाणी असलेले बरे.

राहिले ग्रुप. शाळा, गट आणि घरचा ठेव. भावकीचा म्यूट कर, बाहेर पडलीस तर बोलणी खावी लागतील हे मलाही माहीत आहे. तलाठी भरतीचे जे चार ग्रुप आहेत ते आणि कुठल्याशा लग्नासाठी केलेला तो जुना ग्रुप, यातून मात्र आजच बाहेर पड. कुणी विचारलंच, तर ताईनं सांगितलं म्हण.