परदेशी सून आणि भारतीय नागरिकत्व

मुंबई–आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या बाजारपेठेमुळे सर्वपरिचित आहे. निफाड तालुक्याची द्राक्षे युरोपात पोचली, तशी शिक्षण व नोकरीसाठी येथील मुलेही परदेशी गेली. त्यांपैकी कोणी परदेशी वधूसह गावी परतला, की विवाहाबरोबरच ती भारतीय झाली असे घरची मंडळी गृहीत धरतात. हा समज चुकीचा आहे.

तो अगदीच निराधार आहे असे मात्र नाही. ब्रिटिश अमदानीत, १९१४ च्या कायद्यानुसार, ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजनच मानली जाई. परमवीरचक्राचे रेखाटन करणाऱ्या, जन्माने स्विस असलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांचा विवाह १९३२ मधील, म्हणजे त्याच काळातील. स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने पत्नीला स्वतंत्र अर्ज करण्यास सांगितले. १९८६ च्या दुरुस्तीने ही तरतूद परदेशी पतींनाही लागू झाली.

आज नोंदणीसाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते: अर्जापूर्वीचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या ८ वर्षांत एकूण किमान ६ वर्षे. माहेरच्या प्रदीर्घ मुक्कामाने हा हिशेब बिघडतो. सलग १२ महिन्यांच्या अटीत विशेष परिस्थितीत केंद्र शासन फार तर ३० दिवसांची सवलत देऊ शकते.

याहून महत्त्वाची बाब व्हिसाच्या मुदतीची. मुदत संपल्यावरही राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अवैध स्थलांतरित ठरते व तिला या नोंदणीची वाट बंद होते. एवढ्यावर हे थांबत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यास, माता-पित्यांपैकी एक भारतीय असून दुसरे जन्मसमयी अवैध स्थलांतरित नसावे लागते. आईच्या पारपत्रावरील एका विसरलेल्या तारखेचा प्रश्न असा मुलापर्यंत येतो. शिधापत्रिका किंवा आधार कार्ड यांनी तो सुटत नाही.

दुसरा धोका क्वचितच ध्यानात येतो. १९५५ च्या कलमात भारतीयाशी विवाहित ‘असलेल्या किंवा होत्या’ अशा स्त्रियांचा उल्लेख होता. २००३ च्या दुरुस्तीनंतर केवळ विवाहित असलेल्या व्यक्तीचा आहे. अर्जापूर्वीच पती निवर्तल्यास या कलमाचा आधार घेणे कठीण होते. मग देशीयकरणाचा लांबचा मार्ग उरतो: सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत ११ वर्षे वास्तव्य, तसेच आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान. ती भाषा मराठी असली तरी चालते. सासरी शिकलेली बोली येथे अशी उपयोगी पडते!

ओसीआय कार्ड मिळाले म्हणजे सर्व झाले, असेही अनेकांना वाटते. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड घटस्फोटानंतर रद्द होऊ शकते.

नाशिक जिल्ह्यातील अर्जाची छाननी जिल्हाधिकारी कार्यालयात होते. राज्य शासनामार्फत तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मंजुरीनंतर मूळ नागरिकत्वाचा त्याग आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ. त्यानंतरच मतदार यादीत नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो.