ऑपेरातले आवाज : सुरुवात कुठून करावी?

सातवीपासून असेंब्लीत प्रार्थना मी सांगत असे, काळी पाचमध्ये. नववीत आवाज फुटला आणि वरचा सूर लागेनासा झाला. प्रार्थना दुसऱ्या कॅडेटकडे गेली. संगीताच्या तासाला मी मागच्या बाकावर गप्प बसू लागलो. ते पाहून सरांनी एका रविवारी मला ऑपेरा ऐकवला. तेव्हापासून जे शिकलो, ते इथे देत आहे.

ऑपेरा म्हणजे एक प्रकारचे संगीत नाटकच. पण त्यात बहुतेक वेळा संवादसुद्धा गातात. १६००च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्समध्ये तो सुरू झाला. गायक सहसा माइक घेत नाहीत. मोठ्या वाद्यवृंदातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. आमचे ड्रिल उस्ताद कमांड देताना सांगतात तसाच : घसा ताणून नव्हे, पोटातून!

आवाजांचे मुख्य प्रकार सहा. उंच सुराकडून खाली येताना स्त्रियांचे सोप्रानो, मेझो-सोप्रानो आणि काँट्राल्टो. पुरुषांचे टेनर, बॅरिटोन आणि बास.

नावे पाठ करून आवाज ओळखता येत नाहीत. त्यासाठी एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकावे. पुच्चिनीच्या ‘तोस्का’चे १९५३ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात केलेले रेकॉर्डिंग घ्या. नायिका तोस्का म्हणजे सोप्रानो मारिया कॅलास. तिचा प्रियकर चित्रकार आहे, तो टेनर ज्युसेप्पे दि स्तेफानो. दुष्ट पोलीसप्रमुख म्हणजे बॅरिटोन तितो गोब्बी. पहिल्या अंकात चर्चमधली मुले दंगा करत असतात. पोलीसप्रमुख येतो आणि सगळे चिडीचूप! हा अनुभव आमच्या वर्गालाही आहे. तुरुंगातून पळालेला कैदी बास आवाजात गातो. मेझो-सोप्रानोसाठी त्यानंतर बिझेचा ‘कार्मेन’ ऐकावा.

‘तोस्का’च्या तिसऱ्या अंकात पहाटेच्या वेळी दुरून एक मेंढपाळ मुलगा गातो. तो न फुटलेला आवाज, माझा गेल्या वर्षीचा. ऐकताना डोळ्यांत पाणी आले. सर म्हणाले, “हा आवाज प्रत्येक मुलाला सोडावा लागतो. तुझा गेला नाही, खाली उतरतोय. जोर लावू नकोस, पण गाणं सोडू नकोस.”

आता मी समूहगानात खालच्या सुरात गातो. पुढे टेनर होईन की बॅरिटोन, हे ठरायला अजून काही वर्षे लागतील. धाकट्या कॅडेट मित्रांनो, तुमचा आवाज फुटेल तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसू नका.