पहिल्या पराभवाचं गुणपत्रक

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावातून कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आलेला मुलगा बरेचदा कबड्डीत घडलेला असतो. बाद पद्धतीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिलाच सामना गेला, की वर्षाचा खेळ आटोपला! पोरं लगेच म्हणतात, "आपल्याच्यानं नाही होत." थांबा जरा. नुसता निकाल पाहू नका, गुणपत्रक काढा. सामना 10-10 मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. तीन सत्रं बरोबरीत आणि चौथ्यात मागे पडलात, तर बहुधा दम कमी पडला. 20 गुणांनी हरलात, पण समोर गतविजेता होता का? फ्री थ्रो किती हुकले? एकेकाचा 1 गुण. हा सराव तर एका रिंगवर, एकट्यालाही जमतो. आणि पाच फाउल होऊन बाहेर कोण बसलं, तेही बघा.